घरच्यांसोबत गेम खेळायचा असेल तर आधी त्या गेममधला रिकामा वेळ बघा

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंनी प्रश्न विचारलाय, थोडक्यात असा. घरात नवरा-बायको, चौदा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. संध्याकाळी सगळे घरीच असतात पण जो तो आपल्या मोबाईलमध्ये डोकं घालून. नणंद पुण्याला, ताईंचे वडील उमरेडला एकटे. कोणीतरी सुचवलं की सगळ्यांनी मिळून मल्टीप्लेयर गेम खेळत जा, फॅमिली बाँडिंग होतं. तर ते खरंच होतं का, की पोट्ट्यांना मोबाईल धरायला अजून एक निमित्त मिळतं? आणि खेळायचंच तर कोणतं अ‍ॅप, किती वेळ, पैसे कापले जायची भीती किती?

ताई, होतं. मी नागपुरातच मुलं आणि पालकांसोबत समुपदेशनाचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि ज्या घरांत आईबाप मुलांसोबत बसून खेळतात तिथे बोलणं वाढलेलं मी पाहिलंय. पण कोणताही गेम टाका आणि बाँडिंग होईल असं नाही. एकाच सोफ्यावर चौघं बसलेत, चौघांच्या हातात चार फोन, चौघं एकाच गेममध्ये आहेत आणि तासभर कोणी कोणाकडे मान वर करून बघितलं नाही, अशीही घरं आहेत.

म्हणून मी पालकांना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायला सांगते. गेममध्ये रिकामा वेळ किती आहे? म्हणजे तुमची पाळी झाली, आता दुसऱ्याची पाळी, मधल्या त्या वेळात तुम्ही काय करता? ज्या गेममध्ये असा वेळ असतो तिथेच माणसं बोलतात. चिडवतात, जुनं काहीतरी आठवतं, आजी म्हणते आमच्या वेळी कवड्या टाकून खेळायचो, मुलगी विचारते कवड्या कुठे मिळायच्या, आणि गप्पा सुरू. ज्या गेममध्ये सेकंदभर नजर हटली की माणूस मेला, तिथे बोलायला जागाच नसते, जे बोलणं होतं ते "मागे बघ, मागे बघ" एवढंच. तसे गेम मित्रांसोबत छानच असतात, पण तीन पिढ्या एकत्र बसवायच्या तर त्यांचा उपयोग नाही. गेम जितका थरारक तितका घराला चांगला असं बहुतेकांना वाटतं, माझा अनुभव नेमका उलटा आहे.

सुरुवात लुडोपासूनच करा. लुडो किंग हे अ‍ॅप आपल्याकडचंच, नवी मुंबईच्या कंपनीनं २०१६ मध्ये काढलेलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर घराघरांत पोचलं, त्यामुळे सासूबाईंनाही ओळखीचं असेल. पण ते कसं खेळता यावर सगळं आहे. घरातले सगळे एकाच ठिकाणी असाल तर चार फोन काढूच नका. एकच फोन, टॅब असेल तर उत्तमच, मधे ठेवा आणि पास अँड प्लेवर खेळा, ज्याची पाळी त्यानं फासा टाकायचा. सगळ्यांच्या नजरा एका पाटावर येतात, आजीला सोंगटी दिसली नाही तर नात बोट ठेवून दाखवते, आणि कोणी गुपचूप दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊ शकत नाही. फोनचं इंटरनेट तेवढ्यापुरतं बंद करून ठेवा, बहुतेक जाहिराती येत नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपची टुणटुणही बंद होते. ऑनलाइन खेळताना प्रत्येक पाळीला वेळेचं बंधन असतं, सासूबाई चष्मा शोधेपर्यंत पाळी निघून जाते आणि मग त्या म्हणतात "मला नाही जमत, तुम्हीच खेळा". एकदा त्या असं म्हणून उठल्या की परत बसवणं कठीण जातं, म्हणून पहिले काही आठवडे ऑफलाइनच खेळा.

सासूबाईंच्या बाबतीत अजून एक. मोठ्या वयाची माणसं स्क्रीनवर बोट दाबून धरतात, जसं जुन्या कॅल्क्युलेटरचं बटण दाबतात तसं, आणि मग सोंगटी हलतच नाही. त्यात आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बोटं इतकी कोरडी पडतात की स्क्रीनला स्पर्शच कळत नाही. बोट जरा ओलसर करून पुसायला सांगा, आणि बोट टेकवून लगेच उचलायचं हे त्यांना मुलीकडून शिकवून घ्या, तुम्ही शिकवू नका. हे मी मुद्दाम सांगून राहिले. घरात रोज मोठेच लहानांना शिकवतात, अभ्यास कर, नीट बस, दप्तर उचल. गेममध्ये हे उलटं होऊ शकतं आणि ते होऊ द्यायचं. अकरा वर्षांची मुलगी आजीचा हात धरून तिला शिकवते तेव्हा तिचा आवाज बदलतो, धीर धरायला लागते ती. मी तर पालकांना सांगते की तुम्हाला येत असलं तरी एखादी गोष्ट मुलांना विचारा, आणि ते सांगतील तसं करा.

आता नणंद पुण्याला आहे तिचं. तिथे मात्र ऑनलाइन रूम लागेल. प्रायव्हेट रूम उघडा, जो कोड येतो तो फॅमिली ग्रुपवर टाका, म्हणजे अनोळखी कोणी आत येणार नाही. गेममधला व्हॉइस चॅट वापरायची गरज नाही, वेगळ्या फोनवरून साधा व्हिडिओ कॉल लावा आणि तो फोन टेबलावर पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवा, चेहरे दिसले पाहिजेत. फासा पडल्यावरचा भाच्याचा चेहरा बघण्यातच मजा आहे, गेम त्यासाठीच खेळायचा आहे. आणि हो, नागपूरच्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर सुरू असला की समोरच्याला कॉलवर फक्त घुंऽऽ असा आवाज ऐकू जातो, तुम्ही ओरडता, ते "काय, काय" करतात, दहा मिनिटांत सगळे वैतागतात. कूलर स्लो करा किंवा फोन कूलरच्या झोतापासून लांब, दुसऱ्या भिंतीशी ठेवा. इअरफोन लावू नका, कारण मग एकालाच ऐकू येतं. डेटाची काळजी करू नका, पाळीपाळीच्या गेमला फारच थोडा लागतो, जो जातो तो व्हिडिओ कॉलला जातो.

लुडोचा कंटाळा येतोच. मग चित्रं काढायचा गेम घ्या. स्क्रिबल डॉट आयओ नावाची साइट आहे, अ‍ॅप टाकायचीही गरज नाही, ब्राउझरमध्ये उघडते. एकाला शब्द मिळतो, तो बोटानं चित्र काढतो, बाकीचे ओळखून टाइप करतात. ह्यात मला सगळ्यात जास्त आवडणारी सोय म्हणजे प्रायव्हेट रूममध्ये आपले स्वतःचे शब्द टाकता येतात, मधे कॉमा देऊन. मग इंग्रजी शब्द कशाला! काळी मारबत, तान्हा पोळा, वडाभात, झिरो माईल, फुटाळा, तर्री पोहे, पाटोडी, संत्र्याची गाडी, आजीचा चष्मा, बाबांची स्कूटर असे शब्द टाका. पिवळी मारबत आणि काळी मारबत एकाच रंगात काढायची वेळ आली की काय धमाल होते! आणि पुण्याच्या भाच्याला मारबत म्हणजे काय हेच माहीत नसतं. मग खेळ थांबतो, सासूबाई सांगायला लागतात की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, लोक "घेऊन जा गे मारबत" ओरडतात, रोगराई घेऊन जा म्हणतात, सोबत बडगे म्हणजे अजून पुतळे काढतात. पंधरा मिनिटं गेम बंद आणि गप्पा सुरू. मी म्हणेन तो दिवस जमला, डाव पूर्ण झाला की नाही ह्याला महत्त्व नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. उत्तर टाइप करताना शब्द जसा टाकलाय तसाच लिहावा लागतो. यादीत "चूल" असेल आणि मुलानं "चुल" लिहिलं तर अ‍ॅप मानत नाही, "वडाभात" आणि "वडा भात" वेगळे धरतं. ह्यावरून भांडणं होतात. त्यामुळे सुरुवातीला असे शब्द घ्या ज्यात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, किंवा सरळ ठरवा की व्हिडिओ कॉलवर जो आधी ओरडेल त्याचा पॉइंट आणि हिशोब वहीत लिहायचा. वहीत लिहायचं काम सासूबाईंना द्या, ज्यांना टाइप करायला जमत नाही त्यांच्या हातात पॉइंट असले की त्या खेळात राहतात.

क्विझ करायचं असेल तर कहूट (Kahoot) नावाचं अ‍ॅप आहे, स्वतःचे प्रश्न मराठीत टाकता येतात. आत्याचं लग्न कोणत्या साली झालं, बाबा शाळेत कोणत्या विषयात नापास झाले होते, उमरेडच्या घराच्या अंगणात कोणतं झाड आहे, असे. प्रश्न मुलांनाच बनवायला सांगा, म्हणजे त्यांना आधी आजी-आजोबांना फोन करून माहिती काढावी लागते. ह्यातलं निम्मं काम गेमच्या आधीच होऊन जातं. मुलांचे आत्ये-मामेभाऊ सुट्ट्यांत जमले तर अमंग असही चांगला, त्यात मीटिंगमध्ये बसून कोण खोटं बोलतंय हे ओळखायचं असतं म्हणजे बोलणंच बोलणं, पण सासूबाईंना त्यात ओढू नका, सगळं फार भरभर होतं.

तुमच्या वडिलांबद्दल मला वेगळंच सुचवायचंय. तुम्ही लिहिलंय की ते पूर्वी बुद्धिबळ खेळायचे. लिचेस नावाचं अ‍ॅप आहे, पूर्ण फुकट, एकही जाहिरात नाही, खेळायला कुठेही पैसे लागत नाहीत. त्यात एका चालीला एक दिवस, तीन दिवस, अगदी चौदा दिवसांपर्यंत वेळ ठेवता येतो. मुलगा शाळेत जायच्या आधी एक चाल खेळेल, आजोबा दुपारी जेवण झालं की खेळतील, संध्याकाळी मुलगा बघेल. दोघांना एकाच वेळी फोनवर असायची गरज नाही. चौदा वर्षांच्या मुलाला "आजोबांना फोन कर" म्हटलं की तो दोन वाक्यं बोलतो, जेवलात का, बरं आहे, संपलं. पण "आबा, तुम्ही घोडा तिकडे काहून नेला?" हे विचारायला तो स्वतःहून फोन करतो. आणि नागपुरात तर बुद्धिबळाचं वेगळं सांगायलाच नको, जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून ज्यांना हत्ती-उंट कळत नव्हते अशा घरांतही पट आले. मुलाला तिचे गेम आजोबांसोबत बघायला सांगा, लिचेसवर ते एकेक चाल करून बघता येतात. एक आठवण आजोबांना देऊन ठेवा, वेळ संपला तर डाव हरला धरतात, म्हणून सुरुवातीला वेळ जास्तच ठेवा.

आता तुमचा मुलगा. मला वाटतं तुमची खरी काळजी हीच आहे, बाकी प्रश्न त्याच्या भोवतीचे. चौदा वर्षांचा मुलगा लुडोला "बोअर" म्हणणार, त्याला जबरदस्तीनं बसवलं तर तो तोंड वाकडं करून बसेल आणि सगळ्यांचा मूड जाईल. त्याच्याकडून हो मिळवायचं असेल तर आधी तुम्ही त्याच्या गेममध्ये जा. तो काय खेळतो ते विचारा, अर्धा तास त्याच्या शेजारी बसून नुसतं बघा, सल्ला देऊ नका, "हे काय फालतू" म्हणू नका, विचारा की हा काय करून राहिला, हे का केलंस. माइनक्राफ्टसारखं, म्हणजे ठोकळे रचून बांधायचं, काही खेळत असेल तर तुमचं काम सोपं आहे, क्रिएटिव्ह मोडमध्ये एकाच वायफायवर दोघं एकाच जगात जाऊन बांधकाम करू शकता. माझ्याकडे आलेल्या एका घरात मुलगा आणि वडील काही केल्या एकमेकांशी बोलत नव्हते, मी त्यांना नागपूरच्या महाल भागातला त्यांचा जुना वाडा माइनक्राफ्टमध्ये बांधायला सांगितला, जो आता पाडून तिथे फ्लॅट झालेत. मुलानं तो वाडा पाहिलेलाच नव्हता. वडील शेजारी बसून सांगायचे, दार इथे, मग चौक, विहीर डाव्या हाताला, जिना इतका अरुंद की दोन माणसं एकदम जात नव्हती, आणि मुलगा ठोकळे लावत जायचा, चुकलं की वडील म्हणायचे नाही रे, देवघर पूर्वेला होतं. वडिलांना त्या अ‍ॅपमधलं काही कळत नव्हतं आणि मुलाला वाड्यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे दोघांना एकमेकांची गरज पडली. अशी जागा शोधा तुमच्या घरात.

बॅटलवाले गेम खेळत असेल तर वयाचा शिक्का आधी बघा, प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली लिहिलेलं असतं, आणि सोळा प्लस असेल तर चौदाव्या वर्षी तो नाही, हे शांतपणे सांगा. पण नाही म्हटलं त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं, नुसतं काढून घेतलं की तो मित्राच्या फोनवर खेळतो.

ह्या विषयावर अभ्यासही झालाय. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ मध्ये ११ ते १६ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पालकांसोबत वयाला शोभतील असे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलींमध्ये घराशी जवळीक जास्त आणि वागणं चांगलं दिसलं. मुलग्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, आणि त्याचं एक संभाव्य कारण असं दिलं गेलं की मुलगे एरवी एकट्यानं किंवा मित्रांसोबतच इतकं खेळतात की आईबापासोबतचा वाटा त्यात कमी पडतो. अर्थात खेळल्यामुळेच जवळीक आली की जवळीक होती म्हणून खेळत होते, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण तुमच्या घरात अकराची मुलगी आणि चौदाचा मुलगा आहे, त्यामुळे मुलीबाबत फरक लवकर दिसेल आणि मुलाबाबत वेळ लागेल हे धरून चाला, दोन रविवारांत निराश होऊ नका.

किती वेळ, तर मिनिटं मोजू नका, डाव मोजा. "अर्धा तास" म्हटलं की डाव अर्ध्यात सोडावा लागतो आणि जो जिंकत असतो तो भडकतो, हे भांडण तुम्हीच ओढवून घेतलेलं असतं. दोन डाव किंवा चित्रांच्या तीन फेऱ्या असं आधी ठरवा, लुडो लांबतो वाटलं तर क्विक मोड घ्या. जेवणाच्या ताटावर नाही आणि झोपायच्या तोंडावर नाही. नणंदेच्या घरी अगदी लहान मूल असेल तर त्याला ह्यात धरू नका, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाच्या वर बसून स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कमी असेल तितकं चांगलं. आणि डाव संपला की फोन सगळ्यांचे खाली, मोठ्यांचेही. मुलांना म्हणायचं ठेव आता आणि बाबा तिथेच रील बघत बसले, तर पुढच्या रविवारी मुलं ऐकणार नाहीत.

हरणं-जिंकणं ह्यावर थोडं बोलते. धाकट्यांसाठी मोठे मुद्दाम हरतात, मुलांना ते कळतं, आणि मग जिंकल्याचा आनंद जातो. त्याऐवजी जोड्या लावा, आजी आणि नातू एका बाजूला, बाबा आणि मुलगी एका बाजूला, दर डावाला जोडी बदलायची. सख्खे भाऊ-बहीण एकमेकांविरुद्ध जास्त वेळ ठेवू नका, त्यांचं दिवसभराचं भांडण तिथे येतं.

पैशांचं नीट समजून घ्या. अ‍ॅपमधली नाणी, हिरे हे खेळण्यापुरते असतात, पण ते विकतही मिळतात आणि तिथेच मुलं अडकतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा फिंगरप्रिंट मागायची सोय आहे, ती आजच चालू करा, आणि मुलांच्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडूच नका, तुमचा पिन त्यांना माहीत असेल तर बदला. पैसे लावून खेळायचे लुडो-रमीवाले अ‍ॅप हा वेगळाच प्रकार आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि असे पैशांचे गेम, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे म्हणवून घेणारे, बंद केले. तरी टेलिग्रामवर लिंक फिरतात, एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं अ‍ॅप) टाका म्हणतात, "पहिले शंभर रुपये फ्री". मुलांनाच नाही, घरातल्या मोठ्या पुरुषांनाही हे सांगून ठेवा, माझ्याकडे ह्या कारणानं येणाऱ्यांत मोठे जास्त असतात. आणि गेममध्ये मुलांचं खरं नाव, शाळेचं नाव, फोटो टाकू नका, अनोळखी फ्रेंड रिक्वेस्ट घ्यायची नाही हे एकदा बसून सांगा.

मोबाईलची सवय वाढेल का, ह्यावर मी काय बघते ते सांगते. रविवारच्या डावातला एखादा विनोद मंगळवारी जेवताना परत निघाला, मुलगा आजीला "तुमची लाल सोंगटी" म्हणून चिडवून राहिला, मुलीनं पुढच्या वेळचे शब्द वहीत लिहून ठेवले, तर चांगलं चाललंय. उलट, मुलगा फॅमिली डाव संपल्यावर खोलीत जाऊन एकटाच तासन्‌तास खेळतो, झोप उडाली, क्रिकेट-मित्र सुटले, फोन घेतला की अंगावर येतो, मार्क घसरले तरी थांबत नाही, तर ते बाँडिंगच्या गेमनं सुटणारं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून नोंदवलाय, त्यात ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व आणि नुकसान दिसूनही न थांबणं हे बघतात, साधारण वर्षभर असं चाललं तर निदान करतात. पण वर्षभर वाट बघत बसू नका, आधीच कोणाशी तरी बोला. १४४१६ हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत, नंतर गरज वाटली तर मेडिकलची, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजची, मानसोपचार ओपीडी आहेच.

ह्या रविवारी एवढंच करा. दुपारी जेवणं आटोपली की टॅब मधे ठेवून घरातल्या घरात लुडोचे दोन डाव खेळा, नणंदेला पुढच्या रविवारी घ्या. आणि त्याआधी शनिवारी मुलाला विचारा की आजोबांच्या फोनवर लिचेस टाकून द्यायला उमरेडला येतोस का माझ्यासोबत, कारण ते अकाउंट उघडणं, अक्षर मोठं करणं, पहिली चाल दाखवणं हे फोनवरून सांगून होत नाही, शेजारी बसूनच करावं लागतं.